मागच्या सीटवर तिघं

सोमवार, ३ मार्च

बसत नाही! संध्याकाळभर गाडीच्या मागच्या दारात अर्धा आत, अर्धा बाहेर लटकून शेवटी हात टेकले. मुलांच्या तीन सीटा शेजारी शेजारी बसत नाहीत म्हणजे नाहीत. एका खिडकीला धाकटीची, पाठमोरी बसवायची, ती चांगली ऐसपैस. दुसऱ्या खिडकीला थोरल्याची, तिला सिंहासनच म्हणायला हवं. मध्ये जी फट उरते तिच्यात भाचीची सीट घुसवायची म्हणजे बुटाच्या खोक्यात बादली.

ती सीट आजच ताईच्या घरून उचलून आणली. ताई बाथरूममध्ये घसरली, मणक्याचं ऑपरेशन झालं, आता चार महिने तरी उठून बसायचंसुद्धा नाही. भावजी जहाजावर, मध्येच उतरून येता येत नाही. राहिली पाच वर्षांची भाची, भिंगरी. ताई नीट शुद्धीवर यायच्या आत आमची ही म्हणाली, "आपल्याकडे राहील. प्रश्नच नाही!" बहीण माझी, भाची माझी, आणि निर्णय हिने घेऊन टाकला. मी मान हलवली. भाऊ म्हणवतो, नाही कसं म्हणणार?

पण गाडी एकच. सकाळी एकाच फेरीत थोरला शाळेत, धाकटी पाळणाघरात, ही ऑफिसात, मग मी कामावर. आणि हिचा नियम — सीटशिवाय एकही पोर गाडीत चढणार नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. तेव्हा सीट नाही तर भाची नाही.

वर येऊन सांगितलं. हिचा चेहरा पडला. मीही पाडला.

इथे कोणी वाचणारं नाही म्हणून लिहितो. हायसं वाटलं.

मंगळवार, ४ मार्च

दवाखान्यात जाऊन ताईला सांगितलं. जाताना शब्द जुळवत गेलो होतो, एकही लागला नाही. "तू मोजलंस ना, टेप्या? मग झालं." लहानपणापासून टेप्याच म्हणते मला — तिचं अंथरूण माझ्या बाजूला किती बोटं सरकलंय ते रोज मोजायचो म्हणून. वर तिनेच माझी समजूत घातली! "नाही बसत तर नाही बसत. स्वतःला खात बसू नकोस उगीच." उताणी पडून छताकडे बघत माझी समजूत घालत होती.

भिंगरी ताईच्या नणंदेकडे गेली. नणंदेचं एका खोलीचं बिऱ्हाड, नोकरी पाळीची. ती कामावर असली की शेजारीण बघणार. नणंद एका शब्दाने कुरकुरली नाही.

मला का नको होती? घर लहान म्हणावं तर नणंदेचं त्याहून लहान. पोरगी वाईट म्हणावं तर तसंही नाही. बोलते फार. कुठल्याही गोष्टीला "मग?" आणि त्यालाही "मग?" खरं कारण एवढंच, की थोरला आत्ता कुठे एकटा झोपायला लागलाय, धाकटीचे दात येऊन झालेत, आणि जेवणं आटोपली की मला अर्धा तास कोणी हाक मारत नाही. तो अर्धा तास द्यायचा नव्हता.

लिहिलेलं वाक्य परत वाचलं. शी!

गुरुवार, ६ मार्च

गिऱ्हाइकाच्या इमारतीखाली गाडीत बसून लिहितोय.

सकाळी थोरल्याने सीटवर दूध सांडलं. दुपारी मोकळा वेळ होता म्हणून त्याची सीट काढून पुसली. ती गाडीतल्या लोखंडी कड्यांना अडकवलेली असते, एकदा अडकवली की तसूभर हलत नाही. परत लावताना कड्या सोडून दिल्या आणि गाडीच्या पट्ट्यानेच बांधून बघितली. उगीच. हाताला चाळा. तर ती दाराकडे चांगली दोन बोटं सरकली! मग डिकीतून भिंगरीची सीट काढली. तिच्या बाजूला पेला ठेवायची प्लास्टिकची वाटी आहे, ती ओढली तर खटकन निघाली. आणखी दोन बोटं. सीट मधे ठेवली, गुडघा देऊन दाबली, पट्टा ओढला.

बसली.

दोन्ही दारं लागली. बकलापर्यंत हात जातो. तिन्ही सीटा धरून गदागदा हलवल्या, एकही डुलेना. लोकांच्या स्वयंपाकघरांची मापं घेऊन पोट भरणारा माणूस मी. दोन कपाटांत नखाएवढी फट राहिली तर मला झोप लागत नाही. इथे तीन सीटा ओट्याखालच्या ट्रॉल्यांसारख्या ओळीत उभ्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी स्वतःची पाठ थोपटली असती.

पाच मिनिटं बघत उभा राहिलो. मग मधली सीट काढली. वाटी परत लावली. सीट डिकीत टाकली, वर चादर टाकली.

चादर कशाला? सीट डिकीत आहे हे हिला माहीतच आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

शुक्रवार, ७ मार्च

सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं, एकदा टॉवेल.

रविवार, ९ मार्च

ताईला भेटायला सगळेच गेलो. नणंद भिंगरीला घेऊन आली होती. नणंदेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "बरं चाललंय हो दादा," म्हणाली, मी विचारायच्या आधीच.

निघताना भिंगरी गाडीपाशी आली. काचेला नाक लावून आत बघत राहिली. थोरला आत बसून तिला जीभ दाखवत होता.

"मामा, मधे कोण बसतं?"

"कोणी नाही गं."

"मग?"

दार उघडून वाकली आणि मधल्या जागेवर विती टाकायला लागली. एक वीत, दोन विती. माझीच भाची! हिच्यासमोर पोरीने तिथल्या तिथे माप काढलं तर? घाईघाईने तिला उचललं, कडेवर घेतलं आणि हसत हसत म्हटलं, "अगं, तू मोठी झालीस ना आता! एवढी मोठी मुलगी एवढ्याशा जागेत मावणार कशी?"

ती काही बोलली नाही. "मग?"सुद्धा नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

घरी आलो तेव्हा फाटकाशी ही म्हणाली, "तिला मोठी म्हटलंस ते बरं केलंस. नाहीतर वाटलं असतं, आपल्याला नकोय म्हणून." मी गाडी लावायच्या निमित्ताने खालीच थांबलो.

मंगळवार, ११ मार्च

ही स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. ऑफिसातल्या कोणाकडून तरी ऐकून आली — अरुंद सीटही मिळते म्हणे. "तू मापं दे, मी चौकशी करते." मी मापं दिली. कड्यांना अडकवलेल्या सीटांची दिली. आकडे खरे, माणूस खोटा. तिने ती दुकानदाराला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, या मापात नाही बसणार मॅडम.

हिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझंच बरोबर होतं." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवार, १२ मार्च

आज एका म्हाताऱ्या बाईंच्या स्वयंपाकघराचं काम पुरं झालं. कपाटाचं दार उघड, बंद कर, लहान मुलीसारखं चाललं होतं त्यांचं. शेजारणीला म्हणाल्या, "यांच्या मापावर डोळे मिटून विश्वास टाकावा." चहा तसाच ठेवून निघालो. बाईंना वाटलं, साखर कमी पडली.

शनिवार, १५ मार्च

नणंदेचा फोन. हिलाच करायची नेहमी, आज मला केला.

"दादा, तुमच्या कानावर घालते. वहिनीला नका सांगू, ती पडल्या पडल्या काळजी करील. भिंगरी जेवत नाही हो. अर्धं खाते आणि ताट सरकवते. डबासुद्धा अर्धा परत येतो. काय आवडतं ते विचारून करून बघितलं, तरी अर्धंच. पोट भरलं म्हणते. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले आईची आठवण येत असेल."

"येत असेल," मी म्हटलं.

"हट्ट नाही, रडणं नाही. रडली असती तर बरं, असं वाटतं मला."

फोन ठेवल्यावर धाकटीला भरवायला बसलो. ती चमचा ढकलत होती, मी विमान करत होतो. अचानक वाटलं, विमान उचलून भिंतीवर मारावं.

सोमवार, १७ मार्च

हिला सगळं सांगायचं ठरवून घरी आलो. गाडीतून उतरताना वाक्य तयार होतं — सीट बसते, मला माहीत होतं, मी लपवलं. सोपं वाक्य! जिन्यात त्यातलं "मी लपवलं" गळालं. दारात "मला माहीत होतं" गळालं. आत जाऊन म्हणालो, "उद्या परत एकदा बघतो प्रयत्न करून."

"तू किती करतोस रे," ही म्हणाली.

भित्रा. दुसरा शब्द नाही.

बुधवार, १९ मार्च

काल नाटक झालं. चांगलं वठलं. स्वतःची किळस येईल इतकं चांगलं!

हिला खाली बोलावलं. तिच्यासमोर कड्यांना अडकवून बघितलं, "च्च" केलं. डोकं खाजवलं. मग एकदम सुचल्यासारखं — "थांब हं, कड्या सोडून पट्ट्याने बांधली तर?" मग वाटी काढली, आत्ताच दिसल्यासारखी. मग गुडघा, मग खटका. ही टाळ्या वाजवायला लागली. भर रस्त्यात! खालच्या मजल्यावरचे काका खिडकीतून बघायला लागले, तर त्यांना ओरडून सांगितलं, "यांनी बसवली!" मला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून मला तीन सीटा दिसत होत्या.

ताईला फोन. ताई रडली. "टेप्या, मला माहीत होतं रे, तू काहीतरी काढशीलच." नणंदेला फोन. ती म्हणाली, "पोरीला आत्ता सांगते," आणि फोन तसाच चालू ठेवून पळाली.

झालं ना शेवटी? पोरगी येतेय ना घरी? मग कशाला उकरून काढायचं? शेवट गोड तर सगळं गोड. असं दिवसभर स्वतःला समजावतोय. समजत मात्र नाहीये.

शुक्रवार, २१ मार्च

थोरल्याने स्वतःचा अर्धा कप्पा भिंगरीसाठी मोकळा केला. कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याला शाबासकी दिली आणि तोंड फिरवलं.

शनिवार, २२ मार्च

तिला आणायला गेलो. ही पुढे, पोरं मागे. भिंगरी जिन्यातच बसून होती, मला बघून उभी राहिली. सरळ मधल्या सीटवर जाऊन बसली. पट्टे लावले तर खांद्यावरून घसरले — ताईने तिच्या मापाचे करून ठेवलेले, आता चांगले दोन बोटं सैल. ते आवळत होतो तर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मामा, मी रोज अर्धंच जेवले. बघ, झाले ना मी लहान? मावले ना?"

हिने ऐकलं. मागे वळली. कौतुकानेच बघत होती अजून, काही कळलं नव्हतं तिला.

मी गाडीच्या बाहेर गुडघ्यावर बसलो. म्हटलं, "नाही गं राणी. तू आधीपासूनच मावत होतीस. मला माहीत होतं. मामा खोटं बोलला."