रविवारच्या फोनसाठी एक जपानी वाक्य

३ जून २००३, मंगळवार
ओसाकाहून शशिधरचा फोन. जुलैच्या सुट्टीत यायचं की नाही, रविवारी सांगणार म्हणे. मी आग्रह केला नाही. बापानं ‘या’ म्हणणं मला पसंत नाही. बायको गेल्यापासून एकटा राहतोय, काय अडलंय? मात्र नात शांभवी जपानीच बोलते. तर आपणही जपानी बोलून सगळ्यांना गार करायचं. सातवी पास म्हणजे काही कमी नव्हे.

४ जून
वरच्या मजल्यावरची शिवलीला नोकरीसाठी जपानी शिकते. ‘मी म्हातारा झालो’ कसं म्हणतात, तिला विचारलं. फक्त माहिती म्हणून. तिनं ‘ओइरू’ हे क्रियापद सांगितलं. म्हणजे म्हातारं होणं. वाक्य तयार: ‘वाताशी वा ओइमाशिता.’ यात ‘या’-बिया काही नाही. शशिधर समजेल. मान राहील.

५ जून, सकाळ
शिवपूजेत मध्येच ओइमाशिता तोंडात आलं. पूजा पहिल्यापासून केली.

संध्याकाळ
रोजच्यासारखा हंबीररावबरोबर गंगावेशीत दूध प्यायला गेलो. त्याला वाक्य ऐकवलं, अर्थ सांगितला. म्हणाला, “भरमाप्पा, त्याला जपानी कशाला पायजे? लांबनं दिसतंय की.”
अडाणी माणूस. उद्यापासून त्याच्याबरोबर दूध बंद.

६ जून
हंबीरराव बोलवायला आला नाही. बरंच झालं. दूध घरी तापवलं. नासलं.

७ जून
फोन सारखा उचलून पाहतोय. डायल टोन आहे. वाक्य जरा थकल्या आवाजात म्हणावं का? नको, उच्चार बिघडतील. खणखणीतच म्हणायचं.

८ जून, रविवार
दुपारपर्यंत आंघोळ केली नाही, न जाणो फोन वाजला तर. वाजला. वाक्य एका दमात म्हटलं. शांभवी ‘अज्जा, अज्जा’ करत हसली; आजोबासाठीचा हा एवढाच आपला शब्द तिला येतो. पुन्हा म्हणायला लावलं. म्हटलं. मग शशिधर आला, आवाज भरलेला. मला वाटलं, कळलं.
म्हणाला, “अप्पा, माझी काळजीच मिटली बघा. ह्या वयात जपानी शिकलाय, म्हणजे तब्येत ठणठणीत हाय. मग यंदा ऱ्हाऊ दे. पुढच्या वर्षी निवांत येतो.”
मी म्हटलं, बरं.

संध्याकाळ
जपानीत ‘या’ कसं म्हणतात, शिवलीलाला विचारायला वर गेलो. फक्त माहिती म्हणून.
कुलूप. सगळी गडहिंग्लजला लग्नाला गेलीत.