सरसाची पांढरी पूड

प्रिय रेइनो,

अकरा वर्षांनी तुला लिहितेय. तुझा भाऊ उर्हो जानेवारीत गेला, हे कानावर आलंच असेल. पोटासाठी मी आता त्याच्या वर्कशॉपमध्ये लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करते.

पहिल्याच खुर्चीचा रात्री चिकटवलेला पाय सकाळी हातात आला. सांध्यातला सरस खडूसारखा पांढरा होऊन झडत होता. वाचनालयातल्या पुस्तकात कारण सापडलं: वाळताना गारठला की सरस धरत नाही. रात्री शेगडी विझते आणि फळ्यांच्या फटींतून सगळी ऊब निघून जाते. तू इथे काम करायचास तेव्हा हेच सांगायचास, "दादा, आधी भिंती बुजवू या." तो म्हणायचा, "हात गारठले का राजे? मग जा, वहिनीजवळ बसून मोजे विण!"

शेवटी मीच बुजवल्या. पाडलेल्या शीतगृहातले थर्मोकोलचे जाड तक्ते शेजारच्या हिल्काने दिले. "ने बाई, माझ्याकडे उंदरांचीच सोय होतेय," म्हणाली. ते भिंतीला लावून वर जुनं प्लायवूड ठोकलं. फटींत लोकरीचे स्वेटर कोंबले, उर्होचेसुद्धा. बाहेरून भिंतीला कमरेइतका बर्फ लोटला. शेगडीला हवा मिळावी म्हणून एक भोक तेवढं ठेवलं. आता सकाळपर्यंत ऊब टिकते. सरस तोच, हातही माझेच, पण खुर्ची हातोड्याने ठोकली तरी निखळत नाही.

छताला तक्ते लावायचे तर आढ्याला टांगलेली ती नाव उतरवावी लागली. तिची फळी सुटून आमचा मुलगा आर्ने तळ्यात बुडाला, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. त्या निखळलेल्या फळीच्या कडेवरून नख फिरवलं. तीच पांढरी पूड. रेइनो, तू ती चिकटवलीस तेव्हा फेब्रुवारी होता, आणि लाकूड वाचवायला उर्हो रोज संध्याकाळी शेगडी विझवायचा. तुझा हात चुकला नव्हता.

उर्होला हे कळलंच नाही. कळलं असतं तर त्याने काय केलं असतं, याचा विचार मी करत नाही.

जमीन गोठलीय, म्हणून उर्होला अजून पुरलेलं नाही. स्मशानातल्या दगडी खोलीत शवपेटी ठेवलीय. मे महिन्यात माती मऊ होईल. आर्नेच्या शवपेटीला तू हात घातलास तेव्हा त्याने सगळ्यांदेखत तुला ढकललं होतं. या खेपेला खांदा द्यायला ये. मागे सारायला आता कुणी नाही.

वाट पाहणारी,
तुझी वहिनी लेम्पी