न पाहिलेलं धरण

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी एक गोष्ट सांगायची मी अजून सातवीतल्या पोरीसारखी टाळते आहे. आज ताडकळसच्या शाळेत माझ्या वर्गाला 'सी', म्हणजे पाहणे, हे इंग्रजी क्रियापद शिकवलं. फळ्यावर लिहून मागे वळले आणि तोंडातून तुमचंच बोलणं निघालं, "ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं." पोरं माना खाली घालून कामाला लागली. मी खुर्चीवर बसून हे पत्र लिहायला घेतलं.

झरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची तुमची रीत जगावेगळी होती. क्रियापद कोणतंही असो, वाक्य खरं पाहिजे. गाईडातलं घोटून आणलेलं वाक्य कितीही बरोबर असलं तरी तुम्ही विचारायच्या, "खरं का रे?" एकानं उभं राहून 'आय सी अ टायगर' म्हटलं. तुम्ही विचारलं, "कुठं पाहिलास?" तो बिचारा म्हणाला, "गाईडात, बाई." सगळा वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. "मग तसंच म्हण की," म्हणालात आणि त्याच्याकडून 'आय सी अ टायगर इन द गाईड' असं तीनदा म्हणवून घेतलं. एका मुलीनं विहिरीत साप दिसतो म्हणून सांगितलं, तर मधल्या सुट्टीत पदर खोचून तुम्ही विहिरीवर हजर. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या आल्या सांगितलंत की साप दोन आहेत, वाक्य दुरुस्त करा. परभणीहून एसटीनं येणारी, इस्त्रीची साडी नेसणारी बाई आमच्यासाठी विहिरीत डोकावते, याचं आम्हाला केवढं अप्रूप होतं.

माझ्यावर तुम्ही एकदाच रागावलात. मी 'आय सी अ गार्डन' म्हटलं होतं. "झरीत गार्डन कुठंय गं? सकाळी दार उघडल्यावर काय दिसतं तुला?" मी मान खाली घातली. आमच्या दारात दिसणार काय? "मेंढरं," मी पुटपुटले. "मग ते सांगायची लाज वाटायलीय का?" तुमचा आवाज चढला होता. त्या दिवशी मी 'आय सी शीप' म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमची मेंढरं मला वर्गात सांगण्याजोगी वाटली.

सातवीत असताना दिवाळीनंतर आबा मेंढरं घेऊन जिंतूरच्या बाजूला निघाले. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुढे सरकायचं, दरसालचंच ते. त्या साली मला सोबत घेतलं. परत आल्यावर शाळा बंद, मेंढरांमागे कायमचं जायचं, हेही आबांनी ठरवून टाकलं होतं. निघताना तुम्ही मला एक कोरी वही दिलीत. "रोज एक वाक्य, 'सी' घालून. ही वही दाखवून मी तुझ्या वडिलांशी भांडते." भांडणारच होतात तुम्ही, आणि तुमच्या हातात शस्त्र म्हणून माझी ती वही असणार होती.

पहिले चार-पाच दिवस मी इमानदारीत लिहिलं. पण रोज दिसायचं काय, तर मेंढरं, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळी आणि परत मेंढरं. कंटाळून वही बोचक्यात टाकली ती परतीच्या आदल्या दुपारीच काढली. उरलेली सगळी पानं एका बैठकीत भरली. येलदरीचं धरण आमच्यापासून खूप पुढे राहिलं होतं, आम्ही बोरीहूनच मागे फिरणार होतो. तरी मी धरण पाहिलं. दरवाजे उघडलेले पाहिले, आभाळाएवढं पाणी पाहिलं, उडणारे मासे पाहिले. 'आय सी, आय सी' करत पेन्सिल झिजवली. सारं धादांत खोटं, बाई.

परतल्यावरचं ते अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही आमच्या पत्र्याच्या घरासमोर बाजेवर बसला आहात. आबा समोर उकिडवे. तुम्ही एकेक वाक्य वाचता आणि त्यांना मराठीत सांगता. धरण येतं, तशी मी आबांकडे बघते, कारण आबा सगळ्या वाटेवर माझ्यासोबतच होते. ते माझ्याकडे एकदा बघतात. आता बोलतील, आणि शाळा तर जाईलच, पण तुमच्या नजरेतूनही मी उतरेन. आबा तंबाखू मळत राहतात. मग म्हणतात, "ऱ्हाऊ द्या बाई तिला साळंत. मेंढराचं बघू कायतरी."

दुसऱ्या दिवशी वाड्यातून मेंढरं सोडताना त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, आपुन कवा गेलतो गं धरनाला?" मी रडायलाच लागले. ते म्हणाले, "रडू नगं. न बघता एवढं लिव्हलीस, तर बघितल्यावर काय लिव्हशील." आबांनी हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही. मीही नाही. विहिरीतले सापसुद्धा मोजून येणाऱ्या तुम्ही माझं धरण तेवढं तपासलं नाहीत. माझी नोकरी, माझं घर, सगळं त्या न तपासलेल्या पानांवर उभं आहे.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा परभणीच्या दवाखान्यात मी सांगायचंच म्हणून आले होते. तुम्हीच आधी बोललात, "इतकी वर्षं त्या रस्त्यानं नोकरी केली, पण झरीच्या पुढं कधी गेलेच नाही बघ. कसं होतं गं ते धरण?" आणि मी सांगितलं. तोंडावर उडणारे तुषार सांगितले, पाण्याचा आवाज सांगितला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, चेहरा निवांत झाला होता, आणि मी थांबलेच नाही. माझ्यासारखी कोडगी मीच.

मागच्या महिन्यात येलदरीला जाऊन आले. दरवाजे बंद होते, पाणी मुकाट पडलेलं, काठावर एक जण जाळं वाळवत होता. मासा एकही उडाला नाही. धरण चांगलं मोठं आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. हे पत्र मी कुठे पाठवणार, आणि तुम्ही असतात तरी माझं धाडस झालं नसतं. पण तुमच्यासमोर आता खोटं बोलवत नाही, बाई. आपण दोघींनी दवाखान्यात पाहिलं ते धरणच मला जास्त आवडलं.