तीनशे बेचाळिसावा बदल

लॅपटॉपवर हात ठेवला, पडदा काळा झाला. हात उचलला, पडदा उजळला. पुन्हा ठेवला, पुन्हा काळा. असं सात वेळा झाल्यावर बायको म्हणाली, "आता ते कडं काढ आणि मग ठेव." कडं काढलं. हात ठेवला. पडदा उजळलेलाच राहिला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तीर्थरूप मामांना नमस्कार. तो पहिल्या ओळीत यायला हवा होता, पण आज माझा कशाचाच क्रम नीट नाही. मामींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कठड्याला धरतात का? तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला महिना झाला, तेव्हा हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल असं धरून चालतो. (मामी वाचून दाखवत असतील तर त्यांनी कृपया हळू वाचावं. खिडकी उघडी असते.) हाताने लिहितो आहे, कारण लॅपटॉपसमोर बसायला आज मला तोंड नाही.

कडं म्हणजे तुम्ही दीड महिन्यापूर्वी माझ्या मनगटासाठी पाठवलंत ते, चुंबकाचं. सोबत तुमची चिठ्ठी होती: एक दिवस घालायचं, एक दिवस हाताला सुट्टी, नाहीतर हाताला सवय लागते. मामा, मी आयुष्यात इतक्या शिस्तीने काहीच पाळलेलं नाही. व्यायाम नाही, जेवणाच्या वेळा नाहीत, लग्नाचा वाढदिवस तर नाहीच. कडं मात्र दिवसाआड पाळलं. त्या शिस्तीचं काय झालं ते आता सांगतो. लांबण लागेल. लाज वाटली की मी लांबण लावतो, हे तुम्ही शाळेच्या प्रगतिपुस्तकांपासून जाणता.

मी ऑफिसातून घरी आल्यावर काय करतो, असं तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी दर भेटीत विषय बदलतो. जगभरातले काही हजार लोक मिळून एक कर्नेल लिहितात. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळ्यात आतला प्रोग्रॅम. बाकीचे प्रोग्रॅम त्याच्याकडे मागतात, तो यंत्राकडून करून घेतो. हा कर्नेल कुणाच्या मालकीचा नाही. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि बिघडला तर कुणीही सगळ्यांसमोर तक्रार करावी. मी मुख्यतः तक्रार करतो. चार वर्षांत त्यात माझं थोडं नाव झालं आहे. तक्रार कशी लिहावी याचं नवख्यांसाठी एक टिपणही माझंच आहे. त्यातलं पहिलं कलम असं, की कर्नेलवर बोट ठेवण्याआधी आपल्या टेबलावर काय आहे ते बघा. (टेबलावर मी बघितलं होतं. हातावर नाही.) तुम्ही तीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासलेत. काटा खोटा असं लिहिण्याआधी तुम्ही पारड्याखाली हात घालून काही चिकटवलंय का ते बघायचात. त्या कलमाची कल्पना मी तिथून उचलली होती. तुमचं नाव घातलं नव्हतं. आता बरंच झालं.

तर, कर्नेलची नवी, अजून चाचणीत असलेली आवृत्ती मी ज्या आठवड्यात बसवली त्याच आठवड्यात तुमचं पार्सल आलं. त्याच आठवड्यात माझा लॅपटॉप चालता चालता झोपायला लागला. मधेच, वाक्याच्या मध्यावर. काही दिवस झोपे, काही दिवस ठणठणीत. मी वहीत लिहिलं: नव्या आवृत्तीत दोष, अनियमित स्वरूपाचा. पार्सलबद्दल वहीत काही लिहिलं नाही. पार्सल वहीत कोण लिहितं?

जुन्या आणि नव्या आवृत्तीत एक हजार चोवीस बदल होते. त्यांतला दोषी शोधायची एक रीत आहे. मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा कर्नेल बनवायचा, वापरून बघायचा. बिघडला तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही बिघडला तर नंतरच्या. मग उरलेल्याचा मध्य. दहा पायऱ्यांत एक हजार चोवीसांतून एकच उरतो. रीत निर्दोष आहे, हे मी पुन्हा सांगतो, तिला नावं ठेवू नका. माझा दोष अनियमित, त्यामुळे प्रत्येक पायरीला लॅपटॉप पूर्ण दिवस वापरून बघणं भाग होतं. दिवसाला एक पायरी. पहिला दिवस मंगळवार: वाईट. बुधवार: चांगला. गुरुवार: वाईट. शुक्रवार: चांगला. तुम्ही आता कपाळावर हात मारला असेल. मी मारला नाही. उलट मला वाटलं, काय सुरेख उत्तरं येताहेत, एकाही दिवशी संशयाला जागा नाही! दहाव्या दिवशी एकच बदल उरला. तीनशे बेचाळिसावा. आज दुपारी मी कागदावर हिशेब मांडला. वाईट, चांगला, वाईट, चांगला असं आळीपाळीने एक हजार चोवीसवर चालवलं की उत्तर एक तृतीयांशावर येतं, म्हणजे तीनशे बेचाळीसच. कर्नेलमध्ये काहीही लिहिलेलं असतं, एखादी कविता असती, तरी तीनशे बेचाळीसच. मी दहा दिवस कर्नेल तपासत नव्हतो मामा, तुमची चिठ्ठी तपासत होतो. ती बरोबर निघाली.

आता लाजेचा खरा भाग. तीनशे बेचाळिसावा बदल एका बाईंचा होता. त्या कुठल्याशा वाचनालयात ग्रंथपाल आहेत. त्यांच्याकडे अठरा जुने लॅपटॉप आहेत, नोकरीचे अर्ज भरायला लोक येतात त्यांच्यासाठी. त्या जातीच्या लॅपटॉपची बॅटरी कर्नेलला नीट वाचता येत नसे. निम्मी शिल्लक दिसायची आणि यंत्र फटकन बंद पडायचं, अर्धा अर्ज पोटात घेऊन. बाईंनी दोन वर्षं स्वतः शिकून चाळीस ओळींचा बदल लिहिला. तो त्यांचा पहिलाच. तो स्वीकारला गेला तेव्हा त्यांनी यादीवर, म्हणजे आम्हा सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक पत्रव्यवहारात, आभाराचं पत्र टाकलं होतं. आमच्यात आभार मानायची पद्धत नाही, त्यामुळे ते मला लक्षात राहिलं.

कर्नेलच्या आमच्या भागाची देखभाल जो करतो त्याला आम्ही सगळे सासूबाई म्हणतो. (पुरुष आहे. दाढीही आहे. पण प्रत्येक बदल उजेडात धरून डाग शोधतो.) मी गुरुवारी तक्रार टाकली: दहा पायऱ्या, तारखांसकट, तक्ता करून. सासूबाई क्वचित कौतुक करतात. म्हणाले, "तक्रार अशी असावी." मी ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ऐकलं. भाजी ढवळ."

शुक्रवारी ग्रंथपालबाईंनी लिहिलं की माझ्या ओळींचा झोपेशी संबंध कसा येतो ते मला समजत नाही, माझे अठराही नीट चालतात. सासूबाई म्हणाले, "बाई, त्यांच्याकडे दहा पायऱ्या आहेत. तुमच्याकडे काय आहे?" बाई म्हणाल्या, "अठरा लॅपटॉप." यावर मी गप्प बसू शकलो असतो. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी लिहिलं: आपल्या पहिल्या बदलाबद्दल नवख्यांना माया वाटणं स्वाभाविक आहे, पण पुरावा हा पुरावा असतो. मामा, हे वाक्य मी शुद्धीत, चहा पिऊन, पूर्ण विचारांती लिहिलं आहे. शनिवारी सासूबाईंनी बदल काढून टाकला. मी तो काढलेला कर्नेल दिवसभर चालवला आणि जाहीर केलं की दोष गेला. (शनिवार हाताच्या सुट्टीचा होता.) त्या नोंदीखाली माझं नाव दोनदा आहे. तक्रार करणारा, आणि खात्री करून घेणारा.

आज रविवार. सकाळी कडं घातलं. बायकोला वीजमंडळाकडे अर्ज करायचा होता म्हणून लॅपटॉप तिच्याकडे होता. तासभर चालला. मी शेजारी बसून म्हटलं, अगं, इथे टिचकी मार, आणि दाखवायला हात ठेवला. पडदा गेला. ती म्हणाली, "तू हात लावलास की झोपतो. माणसं ओळखतो." पुढचं वर आलंच आहे. लॅपटॉपच्या झाकणात एक चुंबक असतो आणि खाली, डाव्या मनगटाच्या जागी, तो ओळखणारा एक बारीक तुकडा. झाकण मिटलं की चुंबक जवळ येतो आणि यंत्राला वाटतं, झालं, झोपा. माझं यंत्र इतके दिवस आज्ञाधारकपणे झोपत होतं. त्याच्यात काही दोष नव्हता. ग्रंथपालबाईंच्या चाळीस ओळींत काही दोष नव्हता.

उद्या दुपारी बारा वाजता या आवृत्तीत फेरफार घेणं बंद होतं. तोवर मी खरं सांगितलं तर बाईंचा बदल परत आत जाईल. नाही सांगितलं तर ती तशीच जगभर जाईल, आणि पुढची यायला अडीच महिने. म्हणजे अडीच महिने त्या वाचनालयात अर्धे अर्ज.

तेव्हा जेवण झाल्यावर मी कबुलीजबाब लिहायला बसलो. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात असं एक वाक्य होतं: निरीक्षकाच्या शरीरालगतच्या एका बाह्य घटकाचा निरीक्षणांवर नियतकालिक प्रभाव पडला असल्याचे निदर्शनास आले. बायकोने वाचलं.

"हे पोस्टमॉर्टेम कुणाचं आहे?"

"माझंच म्हण."

"मग यात 'चुकलो' कुठे आहे?"

मी म्हटलं, ते दुसऱ्या पानावर सूचित आहे. तिने दुसरं पान उलटून बघितलं, मग मागची कोरी बाजूही बघितली, आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून कपडे वाळत घालायला गेली.

दुसऱ्या मसुद्यात माफी नव्हतीच, सूचना होती: कर्नेलने झाकणाचा चुंबक आणि इतर चुंबक यांत फरक करायला शिकावं. सूचना वाईट नाही. तिच्यामुळे दोष पुन्हा कर्नेलचाच ठरला असता आणि मी पुन्हा तक्रार करणारा. तिसरा मसुदा म्हणजे कोरा कागद. गप्प बसायचं, कडं कपाटात ठेवायचं, लॅपटॉप कधी झोपणार नाही, सगळे म्हणतील तक्रार खरी होती. कुणाला कळणार नाही. बायको सोडून. तिन्ही मसुदे समोर ठेवून मी तिसऱ्याकडे किती वेळ बघत होतो ते तुम्हाला सांगत नाही. मग चौथा म्हणून तुम्हाला हे पत्र लिहायला घेतलं. बघताच आहात, यातही मी त्यांना काही कळवलेलं नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्याचं कळवा. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमचा,
मोठा भाचा

ता. क. मनगट बरं आहे. पहिल्यापेक्षा पुष्कळच बरं. हे लिहिताना त्रास होतो.

ता. क. दोन. खरं काम राहिलंच. तुम्ही मला दोन ओळी लिहून द्याल का? की कडं तुम्ही पाठवलंत, घालच म्हणून दोनदा फोन केलात, आणि दिवसाआडचा नियम तुमचा. मी तो कागद कबुलीजबाबाला जोडेन. तुम्ही वजनमापं खात्यातले निवृत्त अधिकारी, तुमच्या शब्दाला वजन आहे. त्या लोकांपैकी तुम्हाला कुणी ओळखत नाही, तुम्हाला त्यांच्यात पुन्हा कधी जायचं नाही. तुमचं काही बिघडणार नाही. टपालाने वेळेत येणार नाही हे मला समजतं. फोनवर हो म्हणालात तरी चालेल. आज घरी असालच.

ता. क. तीन. सोमवार, सकाळ. फोन केला नाही. सात वाजता यादी उघडली तर ग्रंथपालबाईंचं पत्र आधीच आलेलं होतं. रविवारभर वाचनालय बंद असताना त्यांनी अठराही लॅपटॉप पुन्हा तपासले. त्यांना चूक सापडली नाही. पण दहा दिवस इतक्या काळजीने तपासणाऱ्या माणसावर आपण शंका घेतली याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली आहे. त्याच पत्राखाली मी चार ओळी लिहिल्या. कडं, चुंबक, दिवसाआड, चुकलो. तुमचा उल्लेख केला नाही. सव्वानऊला सासूबाईंनी बदल परत घातला आणि त्याखाली तेवढंच लिहिलं: परत घातला. माझं नाव जुन्या नोंदीवर दोनदा आहे ते तसंच राहील, नोंदी पुसता येत नाहीत. बाईंना वेगळं पत्र पाठवलं आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही. वरची विनंती खोडणार होतो. राहू दिली, मी काय मागत होतो ते तुम्हाला माहीत असावं म्हणून. ऑफिसला उशीर झाला आहे. जाताना हे टपालात टाकतो.