काचेकडे पाठ करून बसवावयाच्या खुर्चीबाबत

दिनांक : ९ मार्च

प्रति,
मा. संचालक,
माजी सैनिक आरोग्य संशोधन केंद्र,
श्रवण अभ्यास शाखा, जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : ऐकण्याच्या तपासणीच्या खोलीतील खुर्ची काचेकडे पाठ करून बसवण्याबाबत, व ती तशी बसेपर्यंत तोफखान्याविषयीचा अहवाल अंतिम न करण्याबाबत.

संदर्भ :
१) माझा पहिला अर्ज, ज्याला उत्तर आले नाही.
२) माझा दुसरा अर्ज, ज्याला उत्तर आले, पण ते दुसऱ्याच कशाचे तरी होते.
३) आपल्या देखभाल विभागाचे पत्र.
४) आपल्या अहवालाचा मसुदा, जो वाचून हा तिसरा अर्ज करणे भाग पडले.

अर्जदार : आपल्या अभ्यासात सहभागी असलेल्या एका निवृत्त तोफचीची पत्नी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खालील बाबी आपल्या निदर्शनास आणून देते. याआधी दोनदा आणून दिल्या आहेत, पण त्या बहुधा दर्शनापर्यंत पोचल्या नाहीत.

१. मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झाले. अर्ज आला की तो कोणत्या खणात मुरत ठेवायचा, हे मला आतून ठाऊक आहे. सबब हा अर्ज मी स्वतः हातात देत आहे आणि पोच मिळाल्याशिवाय आपला जिना उतरणार नाही. आपल्या शिपाईदादांना याची कल्पना दिलेली आहे. ते मला बसायला स्टूल देणार आहेत, त्याबद्दल आगाऊ आभार.

२. आपले केंद्र तोफखान्यातील निवृत्त सैनिकांची ऐकण्याची क्षमता तपासते आणि तिची तुलना सैन्यातच कार्यालयात काम केलेल्यांशी करते. काम चांगले आहे, व्हायलाच हवे होते. परंतु आपल्या मसुद्याचा निष्कर्ष असा आहे की, आयुष्यभर तोफेशेजारी उभे राहिलेल्यांना, आयुष्यभर टेबलाशी बसलेल्यांपेक्षा जास्त चांगले ऐकू येते. त्यावर आपण असेही लिहिले आहे की, "तोफखान्यातील सेवेमुळे एकाग्रता वाढून श्रवणशक्ती टिकून राहत असावी काय, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा." हे वाचून मी मोठ्याने हसले. माझे पती शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

३. त्यांनी मान का वर केली नाही, ते सांगते. माझ्या पतीला ऐकू येत नाही. थोडेफार येते, समोर उभे राहून तोंड दाखवत बोलले तर पुष्कळ कळते. पण पाठ फिरवली की संपले. घरात ते दाराकडे तोंड करूनच बसतात. बेल वाजली की दाराखालच्या फटीतली सावली बघून उठतात आणि "आलो, आलो" असे ओरडतात, जणू बेल त्यांनीच ऐकली. नळ सुरू राहिला तर ते पाणी पायापर्यंत आल्यावर कळते. दुकानात बोलायचे काम माझ्याकडे असते. शेजारच्यांना वाटते, गृहस्थ जरा शिष्ट आहे. फोन वाजला तर तो उचलून "हो हो, छान, काळजी घ्या" एवढे म्हणून माझ्या हातात देतात. महोदय, हे आपल्या तक्त्यात "उत्तम" या रकान्यात आहेत.

४. आता हे कसे घडते ते लिहिते. याच कारणासाठी मी तीन अर्ज करत आहे, तेव्हा कृपया एवढा परिच्छेद तरी वाचावा. आपल्या तपासणीच्या खोलीत सहभागीला हेडफोन लावून बसवतात आणि हातात एक बटण देतात. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. काचेपलीकडे आपल्या तंत्रज्ञ बाई बसतात आणि त्या आवाज सोडतात. खुर्ची काचेकडे तोंड करून आहे आणि जमिनीला स्क्रूने घट्ट बसवलेली आहे. मागच्या तपासणीला मी बाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी यांचे जुने सहकारी होते. त्यांना सगळे "भोंगा" म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी रस्त्यापर्यंत ऐकू जाते. ते मला धीर देऊ लागले : "वहिनी, टेन्शन घेऊ नका. ती पोरगी आवाज सोडताना उजवा खांदा उचलते. खांदा वर गेला की आपण बटण दाबायचं, संपलं. आपल्या तोफेवरचा एकही माणूस आजवर नापास झालेला नाही." त्यावर आमचे हे म्हणाले, "आणि मधे एखादा सोडून द्यायचा. सगळेच बरोबर आले तर संशय येतो." दोघे शाळकरी पोरांसारखे हसले.

५. ही लबाडी आहे असे आपण लगेच लिहून टाकाल, म्हणून तिचे मूळ सांगते. नोकरीत असताना जो ऐकण्याच्या तपासणीत नापास होई, त्याला तोफेवरून काढून गोदामात टाकत. त्यांच्या लेखी हे मरणच. एका तोफेवरची माणसे एकमेकांना घरच्यांपेक्षा जवळची असतात, हे मला लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळले होते. म्हणून जुना माणूस नव्याला पहिल्याच वर्षी शिकवी : डॉक्टर काही विचारो, "फिट" म्हणायचे, आणि तपासणीत खांदा बघायचा. कार्यालयात काम करणाऱ्यांवर ही वेळ कधी आली नाही. त्यामुळे ते बिचारे आपल्या खोलीत डोळे मिटून, मन लावून ऐकत बसले आणि आपल्या तक्त्यात तोफखान्याच्या खाली गेले. आपला निष्कर्ष एवढ्याचाच आहे.

६. तपासणीनंतर आपल्या तरुण डॉक्टरांनी प्रश्न विचारले, तेव्हा मी सोबत होते. "काका, कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं का?" "नाही!" "चक्कर येते?" "नाही!" "झोप कशी लागते?" "फर्स्ट क्लास!" ही तिन्ही उत्तरे देताना यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, कारण उभे राहताना यांना भोवळ येते. डॉक्टर कागदाकडे बघून लिहीत होते. मी मधे बोलू लागले तर म्हणाले, "काकू, सहभागीलाच बोलू द्या, प्लीज. अभ्यासाचा नियम आहे." मी गप्प बसले. त्याचा मला अजून राग येतो, माझा आणि त्यांचाही.

७. तंत्रज्ञ बाईंना मात्र मी निघताना सांगितलेच. त्या म्हणाल्या, "मावशी, मलापण कधी कधी वाटतं तसं. पण खुर्ची फिक्स आहे. मी ती फिरवली तर वरचे मला फिरवतील." त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांच्या खांद्याविषयीही नाही, खांदा सगळ्यांचाच हलतो.

८. यानंतर मी रीतसर मार्गाने गेले. पहिल्या अर्जाला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले ते असे : "अभ्यासात सहभागी होण्याची इच्छा दर्शवल्याबद्दल धन्यवाद. तथापि आपण सैनिक नसल्याने आपला समावेश करता येत नाही." मी अशी इच्छा कुठेही दर्शवली नव्हती. मग मी देखभाल विभागात गेले. त्यांनी लेखी कळवले की खुर्ची उचकटण्यास श्रवण अभ्यास शाखेचे नाहरकत पत्र लागेल. शाखेत विचारले तर उत्तर मिळाले की, खुर्चीची दिशा हा मंजूर कार्यपद्धतीचा भाग असून तीत बदल करण्याचा अधिकार फक्त समितीला आहे. समितीची बैठक कधी? अहवाल अंतिम झाल्यानंतर. अशा टोलवाटोलवीत मी नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत, महोदय. मी त्यात दमत नाही.

९. एरवी हे प्रकरण मी इथे सोडून दिले असते. यांना ऐकू येत नाही हे मला पुरेसे ठाऊक आहे, सरकारी कागदाने त्यावर शिक्कामोर्तब केले नाही म्हणून माझे काही अडत नाही. परंतु आपल्या मसुद्याच्या शेवटी शिफारस आहे की, "तोफांच्या आवाजाचा अनिष्ट परिणाम दिसून येत नसल्याने प्रशिक्षण केंद्रांसाठी मागवलेल्या नव्या कर्णरक्षकांची खरेदी तूर्त स्थगित ठेवावी." आमची एकुलती एक लेक त्याच प्रशिक्षण केंद्रात आहे. तोफेवर आहे. बापासारखीच हट्टाने गेली. तिच्या तुकडीला अजून कानात घालायला कापसाचे बोळे मिळतात.

१०. गेल्या महिन्यात लेकीचा फोन आला. मी घरात नव्हते, यांनी उचलला. ती म्हणाली, "बाबा, सराव झाल्यापासून माझ्या कानात सारखी शिट्टी वाजतेय. थांबतच नाही. तुम्हाला असं व्हायचं का कधी?" हे म्हणाले, "छान, छान! असंच चालू दे. काळजी घे." तिने फोन ठेवला. नंतर मला फोन करून हे सगळे सांगितले आणि विचारले, "आई, बाबांना काय झालंय? की मी घाबरलेय म्हणून चिडलेत माझ्यावर?" मी तिला काय सांगायचे ते सांगितले. यांना काही सांगितले नाही, कारण सांगायचे कसे ते मला सुचेना.

११. आपल्या मसुद्यावर हरकत घेण्याची मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे आणि तळाशी बारीक अक्षरात अट आहे : "हरकत केवळ सहभागीने स्वहस्ते व स्वाक्षरीने नोंदवावी. नातेवाइकांच्या हरकतींचा विचार केला जाणार नाही." म्हणजे, जो आयुष्यभर "फिट" म्हणायलाच शिकला, त्यानेच उठून "मी फिट नाही" असे लिहून द्यावे, तर आपण ऐकणार. माझे पती असे कधीही लिहिणार नाहीत. हे आपल्यालाही माहीत असावे, नसेल तर आता झाले. तरी ही हरकत मी घेत आहे. आपण तिचा विचार करणार नसाल तर नका करू. ती घेतली गेली आहे एवढे नोंदवा.

१२. सबब माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. खुर्ची फिरवावी. ते मंजूर कार्यपद्धतीत बसत नसेल तर काचेला पडदा लावावा. पडदा मी शिवून सोबत जोडला आहे. माप नजरेने घेतले, थोडे मोठेच घेतले आहे, आणि कापड जाड आहे. मंजूर कार्यपद्धतीत पडद्याचा उल्लेख नाही असे आपण म्हणाल. नसावा असाही उल्लेख नाही, ती मी दोनदा वाचली आहे. पडदाही चालत नसेल, तर पुढच्या तपासणीच्या दिवशी मी येईन. भोंग्यांच्या पत्नी येतील. ज्यांना घरात ओरडून ओरडून घसा बसवून घ्यावा लागतो अशा आणखीही येणार आहेत, आम्ही एकमेकींशी बोललो आहोत. आम्ही तंत्रज्ञ बाईंच्या पुढ्यात, काचेला टेकून, ओळीने उभ्या राहू. खुर्ची जागच्या जागी राहील, कार्यपद्धतीला धक्का लागणार नाही. फक्त कोणाचा खांदा कोणाला दिसणार नाही. मग जे निकाल येतील ते आपण खुशाल छापा. खरोखरच तोफेशेजारी उभे राहून कान सुधारतात असे निघाले तर मी आपली जाहीर माफी मागेन आणि म्हातारपणी स्वतःही भरतीला उभी राहीन.

१३. आम्हाला हटवायचे झाल्यास आधी कळवावे, म्हणजे आम्ही डबे घेऊन येऊ.

कळावे,

नम्र आहे, पण हटणार नाही अशी आपली,
(सही)
सहभागीची पत्नी

सोबत :
१) आधीच्या दोन्ही अर्जांच्या प्रती
२) देखभाल विभागाचे पत्र
३) पडदा, एक, जाड कापडाचा, वर दोरी ओवून

ता.क. : वरील अर्ज लिहून मी टेबलावर ठेवला आणि पाकीट शोधायला आत गेले. बाहेर आले तर हे तो वाचत होते, शेवटच्या पानावर होते. मला वाटले, आता भांडण होणार. झालेही. म्हणाले, "घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेतेस? मला सगळं ऐकू येतं." मी सिंककडे वळले, त्यांच्याकडे पाठ केली आणि नेहमीच्या आवाजात लेकीचे वाक्य म्हटले : बाबा, तुम्हाला असं व्हायचं का कधी? उत्तर आले नाही. पुन्हा म्हटले. मग वळून पाहिले, तर ते माझ्या उजव्या खांद्याकडे टक लावून बघत होते.

मी समोर बसले आणि तोंड दाखवून विचारले, परिच्छेद दहा वाचलात ना? त्यांनी ते पान काढून पुन्हा वाचले. मग म्हणाले, "ती हे विचारत होती? मला वाटलं, पास झाले म्हणतेय." आणि पेन मागितले. पुढचा मजकूर त्यांच्या हातचा आहे. मी त्यात काहीही दुरुस्त केलेले नाही.

सहभागीची हरकत (स्वहस्ते) :
साहेब, वरचा सगळा मजकूर वाचला. खरा आहे. कानात शिट्टी वाजते, जवान होतो तेव्हापासून. खांदा बघायला मीही पुष्कळ पोरांना शिकवलं, त्यांचे निकालही खोटे धरा. सगळ्यांना परत बोलवा. पडदा लावा. मी पहिला बसतो. माझ्या मुलीच्या तुकडीला कानात घालायला नीट काहीतरी द्या, ती तुम्हाला फिटच म्हणेल, तिचं ऐकू नका.
तब्येत : फिट नाही.
(सही)
तोफची, निवृत्त