तळघराच्या तीन खिडक्या

शिरूर कासार
१२ एप्रिल २०२५

ती. आबांस,
लखनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आत्याकडं सुखरूप पोचलो. सुखरूप म्हणजे अंगानं. दगडाआत्यानं दारातच विचारलं, की पोरी बघायला आलेले पाहुणे चहा पिऊन जातात, तू तिथं दगड घेऊन कशापायी गेलतास? तिच्या बारा शेळ्या माझ्यामागं लावल्यात. म्हणाली, यांच्यात तूच जरा बिनडोक दिसतोस, बाकीच्या तुला सांभाळून घेतील.

गावच्या बैठकीत मला कुणी बोलू दिलं नाही, म्हणून लिहितो. स्वप्नालीला बघायला पाहुणे आलेत हे टपरीवर ऐकलं आणि डोकं फिरलं. विठ्ठलरावांच्या तळघराच्या तीन खिडक्या फोडल्या. त्यांची पोरगी, स्वप्नालीच, आत आहे हे माहीत नव्हतं, आबा. आत अंधार होता. पोलिसात न जाता मिटलं, खिडक्या तुम्ही बसवून द्यायच्या, मी गावाबाहेर राहायचं, माझा मोबाइल विठ्ठलरावांकडं, सगळं मान्य. तिच्या हाताला काच लागली म्हणतात. किती लागली तेवढं कळवा.

थोरांचा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
लखन


उमापूर
१९ एप्रिल

चि. लखन यास बिभीषण मिस्तरीचे अनेक आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक हाय, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. जुन्या लाकडी चौकटी वाळवीनं खाल्ल्यात, काढताना हातात भुगा आला. गेवराईहून लोखंडी आणल्या. मधली चौकट काढली तर खाली भिंतीला भेग निघाली, बोट जाईल एवढी, थेट पायापर्यंत. ती तुझी न्हाई. गच्चीचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया हलतो. मागं कुणीतरी वरून नुसतं सिमेंट फासून झाकलं होतं.

हाताचं असं हाय. उजव्या तळव्याला अकरा टाके, दोन बोटं मिटत न्हाईत. पाहुणे गेल्यावर ती तळघरात अभ्यासाला बसली, लाइट गेलती म्हणून पुस्तक घेऊन खिडकीखाली उजेडाला. तिच्या पोलीस भरतीत गोळा फेकावा लागतो, तोच हात. पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. तू अंधाराचं लिहिलंस ते मी तिला सांगितलं न्हाई. तिला त्याचा काय उपयोग?

शेळ्यांना वेळेवर पाणी दाव. आत्याला उलटून बोलू नको.
आबा


शिरूर कासार
२६ एप्रिल

ती. आबांस, शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र तीन दिवस खिशात आहे. रडू येत नाही, रागही येत नाही. शेळ्या जातील तिकडं जातो, बसतील तिथं बसतो. आत्या म्हणते, अरे वरड तरी, तुझ्या वरडण्याशिवाय घर सुनं वाटतंय.

गेवराईच्या बसमध्ये ती माझ्यासाठी जागा धरायची. तेवढ्यावर मी दोन वर्षं काढली. जागा तिनं कुणासाठीही धरली असती, हे शेळ्यांमागं फिरताना कळायला लागलंय. भरतीच्या तयारीसाठी तिनं बस सोडली आणि मी कॉलेज सोडलं. तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत.

भेग कशी भरताय ते लिहा. दुसरं काही विचारवत नाही.

आपला,
लखन


उमापूर
४ मे

चि. लखन यास अनेक आशीर्वाद.

भेग आधी जागी हाय का मेली, म्हंजे अजून वाढते का थांबली, ते बघावं लागतं. काचेची पट्टी आडवी चिकटवून तिच्यावर तारीख घातली. दहा दिवसांत तडकली न्हाई. मग छिन्नीनं भेग रुंद केली, धुतली आणि सिमेंटचा न आकसणारा मसाला दाबून भरला. गच्चीचा पाइप नालीत सोडला, भिंतीच्या कडेनं उताराचा कोबा केला. खिडक्यांना काचेच्या आत जाळी लावली. माप घेताना टेपचं दुसरं टोक स्वप्नाली डाव्या हातानं धरते.

आता मुद्द्याचं. काल विठ्ठलरावानं बैठकीतल्या बबनरावांना घेऊन मला बसवलं. पोरीचं आता कुठं जमायचं, ज्यानं हात अधू केला त्यानंच तो धरावा, असं त्यांचं ठरलंय. तू हो म्हणालास की पुढल्या रविवारी टिळा. म्या पोरीला एकटीला विचारलं. ती म्हणाली, काका, मला गोळा फेकायचाय, तुमच्या घरी यायचं न्हाई, पण इथं माझं कोण ऐकतंय.

तू हो म्हटलं तर लगीन होतं. ह्याच्यासाठीच तू जळलास, मला दिसत होतं. बाप म्हणून तुझं हसतं तोंड बघावं वाटतं. पर त्या पोरीच्या तोंडाकडं बी मला रोज बघावं लागतंय. तूच काय ते लिही.
आबा


शिरूर कासार
८ मे

ती. आबांस, शि. सा. नमस्कार.

नाही म्हणून सांगा. एवढे तीन शब्द लिहायला सबंध दुपार गेली.

पण पोरगी नको म्हणते असं बैठकीत तोंडातून काढू नका, सगळे तिच्यावरच उलटतील आणि दुसरा कुणी बघून तिला उजवून टाकतील. लखनला अधू हाताची बायको नको, असंच सांगा. शिव्या मला पडू द्या. तुम्हालाही ऐकून घ्यावं लागेल, त्यासाठी तुमचे पाय धरतो. जमलं तर विठ्ठलरावांना एवढं म्हणा, की हात बरा होऊन पोरगी वर्दीत गेली तर आमचीच तोंडं काळी होतील. याला ते ऐकतील.

तिच्याही कानावर हेच जाईल. जाऊ द्या. मागून तिला खरं सांगायला जाऊ नका. सांगितलं तर मी पुन्हा तिच्याकडं काहीतरी मागितल्यासारखं होईल.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्या.
लखन


उमापूर
१४ मे

चि. लखन यास अनेक आशीर्वाद.

तू लिहिलंस तसंच सांगितलं. विठ्ठलराव पायातली वहाण काढून उठले, बबनरावांनी धरलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. मग वर्दीचं बोललो. स्वप्नाली आतल्या दाराशी होती. तिनं सगळं ऐकलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि आत गेली. सोमवारी विठ्ठलराव स्वतः तिला बीडला हाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेलते. मी त्या दिवशी चौकटींना रंग दिला, हत्यारं धुतली, घरी आलो.

गावात तुझं नाव काढायची सोय न्हाई. तुझी आई भांडी घासताना मधीच थांबते, मग परत घासते.

तेलगावला एका घराचं काम धरलंय. पुढल्या गुरुवारी तिथं ये. मसाला कालवायला माणूस पाहिजे. डबा दोघांचा आणीन.

आशीर्वाद हाय तसाच हाय.
आबा