अर्ध्या उजेडाचा निष्कर्ष

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
प्रबंधाचं सातवं वर्ष. हे शेवटचं. चाऱ्याच्या गवताच्या कांड्या तीन ट्रेंमध्ये लावल्या: पूर्ण उजेड, जाळीखालचा अर्धा उजेड, काळ्या कापडाखालचा अंधार. मुळं अर्ध्या उजेडातच जास्त फुटणार. निष्कर्षाचं प्रकरण कालच लिहून टाकलं, म्हणजे मागाहून धावपळ नको.
सरांनी बजावलंय: वीस तारखेला मुळं दाखवा, नाहीतर मुदतवाढ नाही, प्रबंध बंद. दाखवू की. बायकोला सांगितलं, आता तू औषधाच्या दुकानातली नोकरी सोड, राजीनामा लिहून ठेव. दिवसभर काउंटरमागे उभं राहून तिचे पाय सुजतात. ती बरं म्हणाली.

६, गुरुवार.
अर्ध्या उजेडातली एक कांडी हळूच उपसून पाहिली. मूळ नाही. परत खोचली. तिला कळलंसुद्धा नसेल.

९, रविवार. सुट्टी असून रोपवाटिकेत गेलो.
नऊ उपसल्या. एकीला पांढरं टोक दिसलं. धुतल्यावर गेलं. माळीबुवा म्हणाले, जरा दम धरू द्या त्यांना. निरीक्षण म्हणजे काय, हे त्यांना कोण समजावणार.

१२, बुधवार.
थकलो. दोन ट्रे रोज उपसा, मोजा, खोचा. कंबर धरली. अंधाराच्या ट्रेकडे बघायला वेळच नाही. पाणी माळीबुवा घालतात, तेवढं बास. तिथे काय उगवणार? ठराव: उद्यापासून उपसणं बंद.

१३, गुरुवार.
चारच उपसल्या.

१७, सोमवार.
अर्ध्या उजेडातल्या पिवळ्या पडल्या. जाळीच हलक्या प्रतीची. पूर्ण उजेडातल्याही पिवळ्या. यंदा ऊनच विचित्र आहे.

२०, गुरुवार. दुपारी ४.
सर आले. दोन ट्रे पाहिले. मग काळं कापड उचललं. फिकट कोंब, आणि खाली बोटबोट लांब मुळं. सर चक्क हसले, म्हणाले, हे नवीनच दिसतंय. मी गंभीरपणे मान डोलावली. मनातल्या मनात निष्कर्षाचं प्रकरण बदलूनही झालं. तेवढ्यात माळीबुवा कौतुकाने म्हणाले, "या ट्रेला साहेबांनी हातच लावला नाही. बाकीचे दोन रोज उपसून बघायचे."
मुदतवाढ नाही.

संध्याकाळी ७.३०.
बायको दुकानातून आली, गरम पाण्यात पाय सोडून बसली. तिच्याकडे बघवेना. म्हटलं, राजीनामा इतक्यात देऊ नकोस.
"मी लिहिलाच नव्हता," ती म्हणाली, आणि टॉवेल मागितला.